उजव्या कुशीवरची कोळंबी

५ जानेवारी

वन्सं,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलं की तुझा दादा शेजारी उभा राहून ‘हळू बोल, हळू बोल’ करतो आणि हळू बोलले की मला काय सांगायचंय तेच मी विसरते. शिवाय तू दोनदा ‘बरं बरं’ म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस. बंदरावरच्या एजंटाची कागदांची थैली तुमच्याकडे येतच असते, त्यातून हे पाठवतेय. आता बस वाचत.

तर माल निघाला. आपला माल, आपल्या नावाच्या खोक्यांतून! इतकी वर्षं आपण कोळंबी सोलली, धुतली, गोठवली आणि शेठच्या खोक्यांत भरली. चांगली निघाली की शेठची, वाईट निघाली की आपली. या खेपेला खोक्यावर आपल्या शेडचं नाव ठसठशीत छापलंय. आपली तोफ आठवते ना, पहिल्या टेबलावरची, जिचा आवाज गोठवणाऱ्या यंत्राच्या वर जातो? तिने पहिलं खोकं डोक्यावर घेऊन शेडभर मिरवलं. मग धपकन खाली आपटलं, ते सोड.

भरताना मी कोणाची गय केली नाही. या कंटेनरचं लोकांना कळतच नाही. त्यांना वाटतं हा मोठा फ्रीज आहे, कोमट माल आत टाका, पलीकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत होईल गार. अरे, तो माल गार करत नाही, गार दिलेला माल गार ठेवतो, एवढंच त्याचं काम. म्हणून आधी रिकामा कंटेनर गार केला, मग दगडासारखी टणक खोकी आत. छताला वारा खेळायला जागा सोडली. दादाने स्वतः खोक्यांमध्ये थर्मामीटर खुपसून बघितला आणि मान हलवली. त्याने मान हलवली म्हणजे दुसऱ्या कोणी टाळ्या वाजवल्यासारखंच.

ट्रकच्या ड्रायव्हरला जनरेटरची घरघर सोसत नव्हती. म्हणाला, “चहाला थांबलो की बंद करतो, तेवढ्यात काय होतंय ताई?” मी चप्पल चढवली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. बंदर येईपर्यंत उतरले नाही. चहा त्याला मी खिडकीतून आणून दिला.

तुझी खोड अजून चालू आहे बरं का. तू डावरी, आणि ट्रेमधला वरचा थर लावायला सगळ्यांना तूच शिकवलंस. त्यामुळे आपल्या शेडची कोळंबी उजव्या कुशीवर निजते. बाकी जगाची डाव्या. शेठ चिडवायचा, ‘तुमच्याकडची कोळंबीसुद्धा उलट्या डोक्याची.’ नव्या पोरीही तशीच लावतात आणि मी मुद्दाम सुधारत नाही.

एक मात्र लक्षात ठेव. शेठला सोडून आम्ही बायका बाहेर पडलो त्या या मालावर. तो नीट पोचला, खपला, की पुढचा जाईल. नाही तर सगळ्यांना घेऊन मला पुन्हा शेठच्या फाटकासमोर उभं राहावं लागेल, आणि ते मी जिवंतपणी करणार नाही. माल घेणारा तुझा साहेब गोडबोल्या आहे म्हणालीस. गोड बोलणाऱ्यांची मला धास्ती वाटते, पण मध्ये तू आहेस.

भाचीला मामीचा पापा.

तुझी वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

माल पोचला. कंटेनरचं सील शाबूत होतं आणि वाटेतल्या तापमानाची नोंदही ठीक दिसते. तथापि, तपासणीत काही खोकी मऊ व वास येणारी आढळली. साहेबांचं म्हणणं असं की माल आपल्याकडेच एकदा वितळला असावा आणि पुन्हा गोठवून भरला गेला असावा. त्यांनी अत्यंत समजूतदारपणा दाखवून माल परत न पाठवता कमी दरात स्वीकारण्याची तयारी दर्शवली आहे. त्यासाठी आपल्या शेडने चूक मान्य केल्याचं पत्र हवं आहे.

वहिनी, मला ठाऊक आहे की तुला राग येईल. पण इथे हे असं चालतं. सध्या बाजारही मंदच आहे, बोट वाटेत असताना दुसरीकडून खूप माल आला. कंटेनर बंदरात विजेला जोडून ठेवलाय आणि जितका थांबेल तितका त्याचा खर्च आपल्या डोक्यावर. गोठवलेल्या मालाचं हेच असतं, ज्याच्या दारात तो उभा आहे त्याचं ऐकावं लागतं. लोखंड असतं तर वर्षभर पडून राहिलं असतं.

एकदा पत्र देऊन टाक. पुढच्या वेळी बघू. इकडे थंडी आहे. लेकीची शाळा छान चालली आहे. तिच्या शाळेचं आणि आमच्या राहण्याचं सगळं माझ्या नोकरीच्या परवान्यावर आहे, हे तुला माहीत आहेच.

वन्सं


१७ फेब्रुवारी

वन्सं,

‘तथापि’? मला तथापि लिहितेस? तुझ्या केसांतल्या उवा मी काढल्या आहेत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा तोफेला वाचायला दिलं. साहेबांचं म्हणणं, साहेबांनी दर्शवली. तुझं म्हणणं कुठे आहे? तू उघडलीस ती खोकी? तू वास घेतलास? तुझं नाक काय साहेबाकडे गहाण आहे?

मी विचारते तेवढ्याची उत्तरं दे. मऊ खोकी दाराजवळची होती की आतली? वरची की तळाची? माल वितळून पुन्हा गोठला तर पाणी खाली उतरतं, खोक्याचा तळ ओला होऊन वाळतो, पुठ्ठा फुगतो. फुगला होता का? कोळंबीवरचा बर्फाचा लेप सुटून पिशवीच्या कोपऱ्यात जमतो. जमला होता का? हे तुला मी सांगावं? तू या शेडमध्ये उभी राहून मोठी झालीस.

आणि तू मधल्या मध्ये एक ओळ लिहून गेलीस, की बाजार मंद आहे. आता कळलं. बोट पाण्यात असताना भाव पडला आणि तुझ्या साहेबाच्या नाकाला वास यायला लागला. भाव चढला असता तर आमच्या कोळंबीला अत्तराचा वास आला असता.

चूक मान्य केल्याचं पत्र म्हणजे काय, समजतंय तुला? वितळलेला माल पुन्हा गोठवून लोकांच्या ताटात घालणारी बाई, असं मी माझ्या सहीने लिहून द्यायचं. पैशाचं दुखणं आम्ही काढू. पण हे लिहून दिलं तर त्या नावाचं खोकं उद्या कोणी हातात धरणार नाही. मी लिहून देणार नाही. खराब मालाचा फोटो पाठव.

शेठचा माणूस काल येऊन गेला. बंदरावर बातमी लपत नाही. ‘राग नाही मनात, या परत,’ असा निरोप. तोफेने त्याला असं काही उत्तर दिलं की ते मी कागदावर लिहू शकत नाही.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

फोटो सोबत आहे. साहेबांनी काढलेला. मी त्या दिवशी दुसऱ्या कामावर होते, म्हणून प्रत्येक खोकं मी पाहिलेलं नाही.

कृपा करून आता ताणू नकोस. दादाशी माझं फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, दे मिटवून, मी तिला समजावतो, पत्रावर मीच सही करतो. निदान त्याचं तरी ऐक. तू तिकडे रागावतेस आणि इकडे मला रोज त्या माणसासमोर उभं राहावं लागतं.

वन्सं


२७ फेब्रुवारी

वन्सं,

आधी तुझ्या दादाचं सांगते. तो जेवत होता. मी म्हटलं, “पत्रावर सही करणार म्हणे तुम्ही?” त्याने घास तोंडात ठेवला आणि चावायचाच थांबला. मग म्हणाला, “पोरीची नोकरी आहे गं तिकडे.” मी म्हटलं, “आणि इकडे या बायकांचं काय आहे? हौस?” तो ताट उचलून गेला आणि दुपारभर त्या यंत्राला तेल घालत बसला. एवढं तेल त्या यंत्राने उभ्या जन्मात प्यायलं नसेल.

आता फोटो. मी तो मधल्या टेबलावर ठेवला आणि कोणाला काही न सांगता बाजूला झाले. आधी दोघीतिघी वाकल्या. मग तोफ आली, तिने चष्मा पुसला, बघितलं आणि हसायलाच लागली. “अगं, ही तर डाव्या कुशीवर झोपलीय!”

सगळ्या हसल्या. मग हळूहळू त्या हसण्याचा अर्थ एकेकीच्या डोक्यात शिरला. खोकं आपलं आहे, वरचं नाव आपलं आहे आणि आतली कोळंबी आपली नाही. कुठल्यातरी दुसऱ्या शेडचा सडका माल आपल्या खोक्यात घालून त्याने फोटो काढला. ट्रे उलटा धरला, फिरवला, आडवा केला, तरी कूस बदलत नाही, वन्सं. आम्ही खरा ट्रे आणून करून बघितलं.

आणि आता तुला विचारते. जगात इतर कोणाला हे कळलं नसतं. तुला? तो थर तुझ्या हाताचा आहे. इथली एकूण एक बाई तुझ्या हाताने कोळंबी लावते. फोटो पाकिटात घालताना तू तो बघितला नाहीस, असं मला सांगू नकोस. तू बघितलास, ओळखलास आणि वर ‘दादाचं ऐक’ असं लिहिलंस.

मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. माल गेल्याचं वाईट वाटलं नाही एवढं तुझं वाटलं.

मी सही करणार नाही. साहेबाला सांग, माल परत पाठव. परत पाठवायचा खर्च आम्हाला पेलणार नाही? नको पेलू दे. घरोघरी वाटून टाकू, कुत्र्यामांजरांना घालू, पण वाईट म्हणून विकणार नाही.

वहिनी


५ मार्च

वहिनी,

हो. बघितला आणि ओळखला. पाकीट बंद केलं आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. तू मला जे लिहिलंस त्यातलं एक अक्षरही खोटं नाही, म्हणून त्यावर काही बोलत नाही.

पुढे काय झालं ते सांगते. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी माल उतरवायच्या फलाटावर होते. तिथे दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या लोंबतात, आतबाहेर करताना तोंडावर आपटतात. आम्ही सगळे गोधडीसारख्या कोटांत असतो, कोण बाई कोण पुरुष कळत नाही. साहेब तिकडे आला. मी कोट काढला. का काढला मला माहीत नाही, पण गोधडीतून भांडता येईना. मी म्हटलं, “फोटोतला माल आमच्या शेडचा नाही.”

तो म्हणाला, “कशावरून?”

मी सांगितलं. उजवी कूस, डावी कूस, सगळं. वहिनी, तो इतका हसला की बाजूचे हमाल बघायला लागले. म्हणाला, “कोळंबीला कूस असते का हो?” त्यानंतर तो ते वाक्य दिवसभर सगळ्यांना सांगत फिरला. कॅन्टीनमध्ये एकाने मला विचारलं की कोळंबी घोरते का. मीही हसले. इतक्या वर्षांत त्यांच्यात राहून मला एक गोष्ट चांगली जमते, दुसऱ्याच्या विनोदावर हसणं.

संध्याकाळी त्याने तपासणीचा अहवाल माझ्यापुढे ठेवला. तपासणारी म्हणून माझी सही लागते. ‘माल मुळातच वितळलेला.’ अगदी गोड आवाजात म्हणाला, “ही तुझ्या माहेरची गोष्ट आहे, मला कळतं. म्हणूनच तुझी सही असली की कोणी शंका घेणार नाही.”

त्याने माहेर हा शब्द काढायला नको होता. मी पेन त्याच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, सही मिळणार नाही.

आता नीट वाच, कारण यात घाई आहे. विकणाऱ्याच्या बाजूचा माणूस हजर असेल तर तिऱ्हाईत तपासनीस बोलावून त्याच्यासमोर कंटेनर पूर्ण उघडायला लावता येतो, आणि कोणी नाही म्हणू शकत नाही. तुम्ही इथे येऊ शकत नाही. मला तुमची प्रतिनिधी करा. शेडच्या सगळ्यांच्या सहीचं पत्र पाठवा, की या मालाचं काय करायचं ते ठरवण्याचा पूर्ण अधिकार हिला दिला आहे. अर्थात तुमची प्रतिनिधी आणि त्याची नोकर असं दोन्ही मला राहता येणार नाही. म्हणून आज सकाळी राजीनामा दिला.

वन्सं


९ मार्च

अगं वेडे,

हे काय करून बसलीस? मी शिव्या घातल्या, त्या माझ्या स्वभावात आहेत, सकाळच्या चहाबरोबर घालते. पण नोकरी सोड असं मी कुठे लिहिलं होतं? परवान्याचं काय? पोरीच्या शाळेचं काय? कोळंबीसाठी कोणी आपलं घर मोडतं का? कोळंबी पुन्हा येईल समुद्रातून.

ऐक माझं. राजीनामा मागे घे. हवं तर त्याच्या पाया पड, नाटकं तुला लहानपणापासून येतात. मी लिहून देते चूक मान्य केल्याचं पत्र. मी विचार केला. मी जाते शेठकडे. फाटकासमोर उभं राहून माणूस मरत नाही. तोफेला थोडं जड जाईल, तिला मी समजावीन. तुम्ही दोघी तिकडे रस्त्यावर आलात तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, आणि ही खरी गोष्ट आहे, लिहिताना रडतेय आणि शाई पसरली तर ती त्यामुळे.

आता गंमत ऐक. हे सगळं मी तुझ्या दादाला बोलून दाखवलं. तो यंत्राच्या खोलीतून हात पुसत आला होता. तुझं पत्र त्याने उभ्याउभ्या वाचलं. ‘तुझ्या माहेरची गोष्ट’ इथपर्यंत आला आणि त्याचे कान लाल झाले. म्हणाला, “माहेर काढलं त्याने?” मग त्या माणसाला फोन लावला. आमच्या लग्नापासून आजपर्यंत मी या माणसाचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. शेडच्या दारात कावळे बसतात ते उडाले. काय बोलला ते त्या साहेबाला कितपत समजलं कोणास ठाऊक, कारण दादाची सगळी चांगली भाषा पहिल्या दोन वाक्यांतच संपली आणि पुढचं सगळं आपल्या भाषेत होतं.

मग त्याने कागद घेतला, अधिकाराचं पत्र स्वतः लिहिलं आणि पहिली सही केली. माझ्या आधी! बाकीच्यांनी रांग लावून केल्या. पत्र सोबत जोडलंय. मी शेवटी सही केली, कारण नाही केली तर तोफ मला टेबलाला बांधून ठेवणार होती.

पण माझं मत विचारशील तर ते फाडून टाक. मी रागावणार नाही. वन्सं, मी मोठी आहे, एकदा तरी माझं ऐक.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

नाही ऐकलं.

कंटेनर उघडला. तपासनीस एक उंच, कोरड्या चेहऱ्याच्या बाई होत्या. मी त्यांना कुशीचं सांगायला लागले तर म्हणाल्या, “ते मला नको.” त्यांनी स्वतःच्या मनाने बोट दाखवून खोकी काढायला लावली, दाराजवळची, मधली, पार मागच्या भिंतीची. प्रत्येकात भोक पाडून थर्मामीटर घातला. तळ चाचपले, पिशव्या उजेडात धरल्या. तू विचारलं होतंस तेच सगळं त्यांनी बघितलं. मी बाजूला उभी. दात वाजत होते, थंडीने म्हण की कशाने.

मग त्यांनी एक ट्रे वितळवायला लावला आणि वास घेतला. मला म्हणाल्या, तुम्हीही घ्या. वहिनी, समुद्राचा वास आला. बंदरावरच्या त्या थंड, राखाडी गोदामात उभं राहून मला आपली शेड आठवली, ओली फरशी, रबरी बूट, तुम्हा सगळ्यांची बडबड. मी त्या बाईंसमोर रडले. त्यांनी मला रुमाल दिला आणि लिहीत राहिल्या. अहवाल असा, की माल उत्तम, कुठेही वितळल्याची खूण नाही, आणि फोटोतला माल या कंटेनरमधला असल्याचं दिसत नाही.

साहेब अर्ध्या तासात लोण्यासारखा मऊ. चहा मागवला. म्हणाला, गैरसमज झाला, ठरलेला पूर्ण दर देतो, तुझी नोकरीही तुझीच. फक्त एक ओळ लिहून दे, की तुमच्या शेडमध्ये भरताना खोक्यांची अदलाबदल झाली. म्हणजे त्याच्या गोदामात सडका माल आपल्या खोक्यात कसा आला, याचं त्याला उत्तर मिळणार होतं. एकच ओळ, वहिनी. नाही लिहिली तर वकिलांमार्फत भांडू म्हणाला. तोवर कंटेनर बंदरात तसाच विजेला लटकलेला.

मी नाही म्हटलं.

तुला विचारलं नाही. फोन समोर होता. लावला असता तर तू माझ्या काळजीने हो म्हटलं असतंस, म्हणून लावला नाही. अधिकार मला होता, तो मी वापरला.

मग अहवाल घेऊन दारोदार फिरले. बंदराच्या मागच्या रस्त्यावर एक जण कारखान्यांना आणि इस्पितळांना जेवण पुरवतो, त्याने घेतला. दर बाजारात चालू आहे तोच, म्हणजे पडलेला. ठरल्यापेक्षा बराच कमी. त्याला खोकी बदलून हवी होती, मी म्हटलं खोकं आहे तेच राहील. त्याने खांदे उडवले. पण चार दिवसांनी त्याच्या स्वयंपाकीण बाईने निरोप पाठवला, अजून आहे का.

एवढंच चांगलं. बाकी सांगायचं तर मी तुमचं नुकसान केलं आहे. ठरलेला दर समोर होता आणि मी तो घालवला. बायकांना काय वाटेल ते त्यांनी मला लिहावं, मी वाचीन.

परवान्याच्या कचेरीत जाऊन आले. पुढच्या महिन्याअखेर मुदत आहे. तोवर दुसरी नोकरी हवी, नाही तर स्वतःच्या नावावर माल आणणारी व्यापारी म्हणून कागद हवा. मी हसले. त्या माणसाला वाटलं मला समजलं नाही, त्याने पुन्हा सांगितलं. नोकऱ्या बघतेय. गोडबोल्याने सगळीकडे सांगून ठेवलंय. लेकीने विचारलं, “आपण हरलो का?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “मग तू रोज डाळभातच का करतेस?”

पण एक खरं सांगते. परवा रस्त्यात साहेब समोरून आला आणि त्याने काहीतरी विनोद केला. मी हसले नाही. किती सोपं होतं ते.

वन्सं


३ एप्रिल

वन्सं,

तुझं पत्र मी टेबलावर उभी राहून मोठ्याने वाचलं. सगळ्या खूश झाल्या असं मी खोटं लिहिणार नाही. एकीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, तिच्या घराचं छप्पर या मालावर व्हायचं होतं. ती म्हणाली, “एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं?” मला तिचा राग आला नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून आली आणि म्हणाली, “बिघडलं असतं.” मग आपली कामाला लागली. छप्पर राहिलंच आहे. तुझा दादा रविवारी वर चढून ताडपत्री घालून आला.

मी काय म्हणते ते विचारशील. मी पहिल्या दिवशी तुला चिक्कार शिव्या दिल्या. पूर्ण दर देत होता मेला! दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभी होते आणि हात कोळंबी लावत होते, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. त्या ओळीवर मी सही केली असती. तुमच्या दोघींसाठी केली असती आणि मग जन्मभर प्रत्येक खोक्याकडे बघताना मान खाली घातली असती. तू ते होऊ दिलं नाहीस. आणि ‘तुमचं नुकसान केलं’ असं पुन्हा लिहिलंस तर याद राख. तुमचं काय? आपलं म्हण.

शेठ स्वतः येऊन गेला. गाडीतून उतरला, खुर्चीवर बसला, चहा घेतला. विचारलं, “किती दिवस टिकाल अशा?” मी म्हटलं, “ते माहीत नाही. पण जितके दिवस टिकू तितके दिवस तुमच्या फाटकात दिसणार नाही.” तोफेने त्याच्या कपबशीसकट टेबल पुसून घेतलं.

आता मुद्द्याचं. दुसरा कंटेनर भरला. मासळी उधारीवर मिळाली, बर्फवाल्याने तोंड वाकडं करत का होईना दिला. दादाने थर्मामीटर खुपसला, मान हलवली. आज सकाळी कागद करायला एजंटाकडे गेले. त्याने विचारलं, “माल घेणार कोण?” मी म्हटलं, लिही, आणि तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, “कंपनीचं नाव सांगा.” मी म्हटलं, “हेच.” पेन हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा मी टेबलावर वाकून ते स्वतः लिहिलं. चांगलं मोठं लिहिलंय.

तर तू व्यापारी झालीस. कागदाची प्रत सोबत आहे, ती त्या कचेरीत नेऊन त्या माणसाच्या नाकासमोर धर. जेवणवाल्याला आजच गाठ, त्याच्या स्वयंपाकिणीशी गोड बोल, गोदामाची काय ती सोय बघ. उघडताना तू स्वतः उघड, आणि माल वाईट निघाला तर मला तोंडावर सांग, ‘तथापि’ नको.

तुझ्याकडे गोदाम नाही, माणूस नाही, गाडी नाही, हे सगळं मला माहीत आहे. फोन करून विचारलं असतं तर तू दहा कारणं सांगून नाही म्हणाली असतीस. म्हणून आधी बोट सुटू दिली, मगच हे पत्र लिहायला बसले.

तुला विचारलं नाही. तूही मला विचारलं नव्हतंस.

वहिनी